संगीतकार सी. रामचंद्र आणि गायक चितळकर

बेळगावहून निघालेली वाट जांबोटी आणि कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याचा घाट उतरते व गोव्यात शिरते. या मुलखातील माणसाला गोवा परका नाही. गोव्याने मराठी रंगभूमीला व अभिजात गायनाला दिलेली रत्ने इकडच्या रसिकांना मुखोद्गत आहेत. परंतु त्याच भूमीतील चर्चशी संलग्न असलेल्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून मुंबईस गेलेल्या वादकांची आठवण क्वचितच कोणी काढतो. त्या वादकांच्या हातची कला ज्या मराठी संगीतकाराने ओळखली, आणि तिच्या जोरावर हिंदी चित्रपटगीताची चालच पालटून टाकली, ते रामचंद्र नरहर चितळकर. सी. रामचंद्र या नावाने ते देशभर प्रसिद्ध झाले. गाताना मात्र त्यांनी आपले आडनावच तेवढे लावले. एकाच माणसाची ही दोन नावे, आणि दोघांच्या वाट्याला आलेले यश मात्र सारखे नव्हे.

रामचंद्रांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. गोदावरीकाठचे हे गाव चांगदेवांच्या समाधिस्थानामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. संगीताचे शिक्षण त्यांना मिळाले ते पं. विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात. विनायकबुवा मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतील कडक शिस्तीचे गुरू. पुढे ज्या शिष्यावर विलायती संगीताच्या आहारी गेल्याचा आरोप झाला, त्याचा पाया अशा ग्वाल्हेर परंपरेच्या घरात घातला गेला होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. पाया पक्का असल्याखेरीज परक्या घरातील सामान आपल्या घरात नीट मांडता येत नाही.

तरुण रामचंद्रांची ओढ प्रथम अभिनयाकडे होती. देखणा चेहरा आणि गाता गळा, एवढ्या भांडवलावर त्या काळी नायक होता येत असे. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळालीही. पण चित्रपटाने साथ दिली नाही. मग सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत दिवस काढणे आले. 'सैद-ए-हवस' व 'आत्मतरंग' या चित्रपटांत ते दिसले, न दिसल्यासारखे. मोदींनी त्यांच्यातील गायक-वादक ओळखला आणि त्यांना संगीत विभागात हार्मोनियमच्या साथीला बसविले. नट होण्यासाठी आलेल्या तरुणाला ही उतरंड वाटली असेल. परंतु पेटीपाशी बसल्यावर चाल कशी जन्मते, ती वाद्यांत कशी वाटली जाते आणि ध्वनिमुद्रणात तिचे काय होते, हे सारे जवळून पाहावयास मिळाले.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचा प्रारंभ तमिळ चित्रपटांपासून झाला. 'वनमोहिनी' (१९४१) हा त्यांतील एक. त्याचे दिग्दर्शक होते भगवान आभाजी पालव, म्हणजे रसिकांचे भगवानदादा. या दोन मराठी माणसांची गाठ मद्रासकडच्या चित्रपटात पडावी आणि ती पुढे हिंदी पडदा गाजवावी, हा योग मोठा गमतीचा. भगवानदादांच्याच 'सुखी जीवन' (१९४२) मुळे रामचंद्रांकडे हिंदी चित्रसृष्टीचे लक्ष गेले.

आता जॅझ मुंबईत आला कसा, हे थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत जन्मलेले हे संगीत १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलापर्यंत पोहोचले. लिऑन अ‍ॅबी यांच्यासारखे अमेरिकन वादक आपला संच घेऊन तेथे वाजवून गेले. त्यांचे वादन ऐकून हात तयार करणाऱ्यांत गोमंतकीय तरुण आघाडीवर होते. धोबीतलावच्या परिसरात गावोगावच्या गोवेकरांच्या 'कूड' नावाच्या सामायिक बिऱ्हाडांत राहावे, रात्री हॉटेलात नृत्यासाठी वाजवावे, असा त्यांचा क्रम असे. म्हापशानजीकच्या हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे त्यांतील अग्रणी. 'चिक चॉकलेट' या नावाने ते ट्रम्पेट वाजवीत आणि गातही. लुई आर्मस्ट्राँग यांची वादनशैली त्यांनी इतकी आत्मसात केली होती की भारताचे आर्मस्ट्राँग अशीच त्यांची ख्याती झाली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रींचा रंग उतरू लागला, आणि हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे अधिकाधिक वळले.

त्यांना तेथे काम असण्याचे एक तांत्रिक कारणही होते. हिंदुस्थानी मैफलीत साथीदार गायकाच्या मागून जातो. काय वाजवायचे ते लिहिलेले नसते. वीस-पंचवीस वाद्यांचा ताफा मात्र अंदाजाने चालविता येत नाही. प्रत्येकाच्या समोर कागद हवा आणि त्यावर त्याच्या वाद्याचे स्वर हवेत. संगीतकाराने पेटीवर चाल गुणगुणावी, गोमंतकीय साहाय्यकाने ती स्वरलिपीत उतरवावी, तिला पूरक स्वरावली लिहाव्यात व वादकांत वाटून द्याव्यात, अशी पद्धत मुंबईत रूढ झाली. कित्येक संगीतकारांनी ही सोय म्हणून स्वीकारली. सी. रामचंद्रांचे वेगळेपण असे की चाल सुचतानाच त्यांच्या कानात तो ताफा वाजत असावा. बेनी गुडमन या अमेरिकन क्लॅरिनेटवादकाचा प्रभाव त्यांच्यावर होता. जॅझचा ठेका मात्रेवर ठाम पाऊल न टाकता किंचित आडव्या अंगाने पडतो, आणि ऐकणाऱ्याचा पाय नकळत हलतो. ही लकब त्यांनी नेमकी उचलली.

'शहनाई' (१९४७) या चित्रपटातील रविवारच्या भेटीचे आर्जव करणारे गीत हे त्याचे पहिले ठळक उदाहरण. प्यारेलाल संतोषी यांच्या त्या अवखळ शब्दांना रामचंद्रांनी गिटार, आल्टो सॅक्सोफोन, माउथ ऑर्गन आणि चक्क शिट्टी यांची जोड दिली. गिटार येथे स्वर आळवीत बसत नाही. तबल्याने धरावा तसा ठेका धरते. स्वातंत्र्याच्या वर्षी हे गाणे गल्लोगल्ली वाजले. 'पतंगा' (१९४९) मधील रंगूनहून येणाऱ्या दूरध्वनीचे युगुलगीतही तसेच लोकप्रिय झाले. त्यात पुरुषाचा आवाज चितळकरांचा.

यशाबरोबर टीकाही आली. हे विलायती उष्टे आहे, असे म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नव्हती. टीका सर्वस्वी निराधार होती असेही नाही. 'समाधि' (१९५०) या आझाद हिंद सेनेवरील चित्रपटातील एक गाजलेले नृत्यगीत तत्कालीन लॅटिन-अमेरिकन धर्तीच्या गीतावरून बेतलेले होते, हे लपून राहिलेले नाही. एवढे मान्य करूनही रामचंद्रांचे एकूण काम उसनवारीचे ठरत नाही. त्याची साक्ष 'अलबेला' (१९५१) देतो.

'अलबेला' भगवानदादांचा. तेच निर्माते, दिग्दर्शक आणि नायक. नायिका गीता बाली. गीते राजेंद्र कृष्ण यांची. संगीतात चिक चॉकलेट यांचे साहाय्य होते आणि पडद्यावरही ते आपल्या वादकांसह दिसतात. बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी फौज घेऊन रामचंद्रांनी त्यातील ज्वालेचे रूपक असलेले नृत्यगीत बांधले. ट्रम्पेट एक वाक्य बोलतो आणि गायक त्याला उत्तर देतो, हा जॅझचा सवाल-जबाब तमाशातील सवाल-जबाब ऐकलेल्या मराठी कानाला मुळीच अनोळखी वाटत नाही. आणि त्याच चित्रपटात त्यांनी अशी अंगाई दिली की तिच्यात पितळी वाद्यांचा मागमूस नाही. ज्याला एकाच चित्रात ही दोन टोके साधतात, त्याला नुसता नकलाकार म्हणणे अन्यायाचे होईल.

'अलबेला'तील भगवानदादांसाठीचा आवाज चितळकरांचाच होता. या गायकाविषयी समीक्षकांनी फारसे लिहिले नाही. संगीतकाराने हौसेखातर किंवा सोयीखातर स्वतः गाऊन घेतले, एवढीच नोंद बहुधा केली जाते. वस्तुतः ती गाणी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात बसली असती की नाही, याची शंका आहे. चितळकरांचा आवाज फार भरदार नाही, फार सुरेलपणाचा डौलही मिरवीत नाही; पण तो ताफ्यातील एका वाद्यासारखा वागतो. शब्द कोठे तोडावा, कोठे जरासा मागे रेंगाळावा, हे त्याला ठाऊक असते. 'आझाद' (१९५५) मधील लताबाईंबरोबरच्या युगुलगीतात तर त्यांनी असा मृदू, कापरा स्वर लावला आहे की तलत महमूद गात आहेत असा भास व्हावा. या चित्रपटाचे संगीत त्यांनी अत्यंत अल्प मुदतीत पुरे केले होते.

तत्पूर्वी 'अनारकली' (१९५३) ने त्यांच्या शिरावर लोकप्रियतेचा तुरा खोवला होता. तेथे जॅझचे नावही नाही. पुढे 'नवरंग' (१९५९) आणि 'स्त्री' (१९६१) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांतही त्यांनी आपले भारतीय घर किती प्रशस्त आहे ते दाखविले.

१९५२ नंतर डॉ. बा. वि. केसकर या मराठी मंत्र्याच्या कारकीर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दाराबाहेर ठेवले, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अशा वातावरणातच 'आशा' (१९५७) मधील 'इना मीना डिका' आले. किशोरकुमार व आशा भोसले या दोघांच्या स्वरांत ते स्वतंत्रपणे मुद्रित झाले. अर्थहीन अक्षरे वाद्यासारखी गळ्यातून काढण्याची जॅझ गायकांची रीत त्यात आहे. आपल्या तराण्याशी तिचे नाते जोडायला हरकत नसावी. खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या गणतीच्या बडबडीवरून मुखडा सुचला, आणि गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात 'मला नको' अशा अर्थाच्या कोकणी शब्दांची भर घातली, अशी आठवण सांगितली जाते. साऱ्या देशाने ते शब्द निरर्थक म्हणून गुणगुणले. घाटाखालच्या व घाटमाथ्यावरच्या माणसांना तेवढा त्यांचा अर्थ कळला असणार.

त्यानंतरची वर्षे उताराची होती. लता मंगेशकर यांच्याशी दुरावा आला. ज्या आवाजावर त्यांच्या उत्तम रचना उभ्या होत्या तोच दूर गेला. नवे संगीतकार पुढे आले. गिटार आणि सॅक्सोफोन सर्वांच्याच हाती गेले आणि ज्याने ते प्रथम रुळविले त्याची गरज उरली नाही. तरीही एकदा सूर जुळले. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धात कामी आलेल्या जवानांना उद्देशून कवी प्रदीप यांनी लिहिलेले गीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लताबाईंनी गायिले. चाल सी. रामचंद्र यांची. देशभर शाळाशाळांतून ते गीत ऐकू येते. ते बांधणारा हात 'इना मीना डिका'चाच होता, हे किती श्रोत्यांना ठाऊक असते?

उत्तरायुष्यात ते मराठीकडे परतले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) या मराठी चित्रपटांची निर्मिती त्यांनी केली, संगीत दिले आणि तरुणपणी हुकलेली अभिनयाची हौसही फेडून घेतली. ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'ला त्यांनी चाली दिल्या व त्याचे जाहीर कार्यक्रम केले. पडद्याआडचा चितळकर येथे प्रथमच श्रोत्यांच्या समोर बसून गाऊ लागला. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ते मोकळेपणाने, प्रसंगी बोचेल इतक्या मोकळेपणाने लिहिलेले आहे, आणि मराठीतील कलावंतांच्या आत्मकथनांत त्याची जागा वरची आहे.

त्यांच्या ताफ्यातील वादकांना एवढेही लाभले नाही. तबकडीच्या लेबलावर चित्रपटाचे, गायकाचे व संगीतकाराचे नाव छापले जाई; ट्रम्पेट कोणी फुंकला, गिटार कोणी छेडली, याला तेथे जागा नसे. चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेले होते. सी. रामचंद्र यांचे निधन मुंबईत ५ जानेवारी १९८२ रोजी झाले. वयाची चौसष्ट वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा सात दिवस उरले होते.