हरि नारायण आपटे : जीवन आणि कादंबरीलेखन

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या आश्रयाने त्यांचे शिक्षण झाले. व्यासंग दांडगा असूनही पदवी मात्र हाती आली नाही. पुढे काकांनी स्थापिलेल्या पुण्यातील आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांनी सांभाळली आणि १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले.

कुटुंबाच्या अपेक्षा आणि उमलत्या वयाच्या आकांक्षा यांतील संघर्ष हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी आहे. ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमुना आणि ‘मी’मधील भाऊ आपली हकिकत बालपणापासून स्वतःच सांगतात; त्यामुळे वाचक घराकडे त्यांच्या नजरेने पाहतो. शिक्षणाची गोडी लागलेल्या यमुनेचे वैधव्यात सक्तीने केशवपन होते. भाऊ मात्र संसारसुख नाकारून लोकसेवेचे व्रत घेतो आणि भावानंद होतो. त्याला घराबाहेरची वाट सापडते, यमुनेला ती मिळत नाही. हा भेद विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. हरिभाऊंचे निधन ३ मार्च १९१९ रोजी झाले.

स्वयं-अध्ययन प्रश्न : यमुना आणि भाऊ यांच्या वाटा वेगळ्या का झाल्या, ते सकारण लिहा.