अनाथांच्या भिंतीवरची चित्रे

कोठे पूर आला, दुष्काळ पडला, एखाद्या रुग्णालयाच्या इमारतीचे काम पैशांवाचून अडले, की मदतनिधीचे कार्यकर्ते गावातल्या चित्रकाराचे दार ठोठावतात. वाण्याकडे तांदळाचे पोते फुकट मागताना त्यांची जीभ थोडी अडखळते. चित्र मागताना अडखळत नाही. चित्र हे हौसेतून होते, त्याला वेळ लागत नाही, रंग आणि कापड यांचा खर्च कोणी मोजत नाही, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या समाजात रूढ आहे. चित्रकारही बहुधा नाही म्हणत नाही. चित्र लिलावात जाते, कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात लागते, वर्तमानपत्रात त्या धनिकाचे नाव येते आणि चित्रकार पुन्हा आपल्या जागी. या व्यवहारात देणाऱ्याला काय मिळावे, हा प्रश्न विचारणे अशिष्ट समजले जाते. अठराव्या शतकातील लंडनमध्ये एका चित्रकाराने हा प्रश्न उघडपणे विचारला, त्याचे उत्तरही स्वतःच्या कृतीने दिले, आणि तसे करताना तो कोणाहून कमी दयाळू ठरला नाही. त्याचे नाव विल्यम होगार्थ.

होगार्थचा जन्म १० नोव्हेंबर १६९७ रोजी लंडनमधील स्मिथफील्डच्या गुरांच्या बाजाराजवळ झाला. वडील रिचर्ड होगार्थ शिक्षक होते. लॅटिन भाषेचे चांगले जाणकार, शालेय पुस्तके लिहिणारे, आणि व्यवहारात सर्वस्वी अजाण. त्यांनी एक कॉफीगृह काढले व तेथे येणाऱ्यांनी लॅटिनमध्येच संभाषण करावे अशी योजना केली. ते बुडाले यात आश्चर्य नाही. कर्ज फेडता येईना म्हणून रिचर्डना फ्लीटच्या कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात जावे लागले आणि कुटुंबालाही त्या तुरुंगाच्या हद्दीत दिवस काढावे लागले. सुमारे चार वर्षे हे चालले. दहा-बारा वर्षांच्या मुलाने तेथे जे पाहिले ते तो कधी विसरला नाही. विद्वान माणसाला ग्रंथविक्रेते कसे राबवतात आणि मोबदल्याच्या वेळी कसे हात वर करतात, हा धडा त्याने वडिलांच्या आयुष्यावरून घेतला. पुढे पैशाच्या बाबतीत तो जो दक्ष, प्रसंगी हट्टी झाला, त्याचे मूळ येथे आहे.

शिक्षण फारसे झाले नाही. चांदीच्या भांड्यांवर कुलचिन्हे कोरणाऱ्या एका कारागिराकडे त्याने उमेदवारी केली, वडील वारल्यानंतर १७२० च्या सुमारास स्वतःचे दुकान थाटले आणि रिकाम्या वेळात चित्रकला शिकली. दरबारी चित्रकार सर जेम्स थॉर्नहिल यांच्या शाळेत तो जात असे. १७२९ मध्ये त्याने थॉर्नहिल यांची कन्या जेन हिच्याशी वडिलांच्या संमतीवाचून लग्न केले. १७३२ साली एका खेडवळ मुलीचा लंडनच्या वेश्यावस्तीत झालेला नाश सहा चित्रांच्या मालिकेत दाखवून त्याने तिच्या छापील प्रती वर्गणीने विकल्या, तेव्हा एका गिनीला एक संच याप्रमाणे बाराशेंहून अधिक वर्गणीदार मिळाले. लगोलग नकलाही बाजारात आल्या. होगार्थ गप्प बसला नाही. त्याने इतर कोरीवकाम करणाऱ्यांना बरोबर घेऊन पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७३५ मध्ये चित्रकाराला आपल्या छापील चित्रांवर चौदा वर्षांचा हक्क देणारा कायदा करवून घेतला. तो कायदा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. आपली पुढची मालिका त्याने हा कायदा अमलात येईपर्यंत अडवून धरली होती, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

असा हिशेबी माणूस फुकट चित्रे काढू लागला, ते का? पहिला प्रसंग सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचा. त्याच्या नव्या इमारतीतील भव्य जिन्याच्या भिंतींवर चित्रे काढण्यासाठी विश्वस्त आमिगोनी या इटालियन चित्रकाराचा विचार करीत होते. होगार्थ याच रुग्णालयाच्या सावलीत वाढलेला. त्याने एक पैसाही न घेता काम करण्याची तयारी दाखवली आणि १७३४ ते १७३७ या काळात बायबलमधील दोन प्रचंड प्रसंग तेथे रंगवले. दया होती, जन्मस्थानाचा अभिमान होता, आणि इंग्रज चित्रकाराला मोठे काम जमत नाही असे मानणाऱ्या श्रीमंत रसिकांना धडा शिकवण्याची ईर्ष्याही होती. हे तिन्ही हेतू वेगळे काढता येत नाहीत. तसा प्रयत्न करण्याचीही गरज नाही.

दुसरा प्रसंग अधिक मोठा आहे. टॉमस कोरम नावाचा एक निवृत्त नाविक रोज शहरात जाता-येता रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली अर्भके पाहत असे. काही जिवंत, काही मेलेली. अशा मुलांसाठी आश्रय उभारावा म्हणून त्याने सतरा वर्षे दारोदार खेटे घातले. अनौरस मुलांना पोसले तर दुराचाराला उत्तेजन मिळेल, हा त्या काळच्या सभ्य समाजाचा आक्षेप होता. अखेर उच्चकुलीन अशा एकवीस स्त्रियांनी अर्जावर सह्या केल्यानंतर वारे फिरले आणि १७३९ मध्ये फाउंडलिंग हॉस्पिटलला राजाची सनद मिळाली. हॉस्पिटल हा शब्द तेव्हा आश्रयस्थान या जुन्या अर्थाने वापरात होता. पहिल्या विश्वस्तांत होगार्थचे नाव होते. वर्गणीच्या आवाहनपत्रावरचे चित्र त्याने काढून दिले. मुलांच्या गणवेशाची कल्पनाही त्याचीच असल्याचे सांगितले जाते. १७४० मध्ये त्याने कोरमचे पूर्णाकृती व्यक्तिचित्र रंगवून संस्थेला अर्पण केले. स्तंभ, पडदा, उच्चासन हा सगळा सरदारी थाट त्यात आहे. मध्ये मात्र लाल कोट घातलेला, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा, आखूड पायांचा एक साधा म्हातारा, हातात सनदेची मोहर धरून बसला आहे. राजेमहाराजांसाठी राखलेला मान एका खलाशाला देण्याचे हे धैर्य इंग्रजी चित्रकलेत नवे होते.

२५ मार्च १७४१ च्या रात्री हॅटन गार्डनमधील तात्पुरत्या घरात दार उघडले गेले. तीस मुले घेतल्यावर जागा भरली आणि उरलेल्या आयांना परत पाठवावे लागले. पुढे गर्दी इतकी वाढली की १७४२ पासून सोडत सुरू झाली. प्रत्येक आईने पिशवीत हात घालून एक गोळी काढावयाची. पांढरी निघाली तर मूल आत, काळी निघाली तर बाहेर, तांबडी निघाली तर थांबून राहायचे. आत गेलेले एखादे मूल तपासणीत आजारी आढळले तर तांबडीवाल्यांना संधी. हे पाहण्यासाठी प्रतिष्ठित स्त्रीपुरुष येऊन बसत. मुलाला सोडून जाताना आई एखादे फुटके नाणे, फितीचा तुकडा, एखादे बटण ओळखीची खूण म्हणून ठेवून जाई. पुढे परिस्थिती सुधारली तर त्या खुणेवरून मूल परत मागता यावे एवढीच आशा. फार थोड्या आयांना ती मुले परत मिळाली.

या संस्थेची नवी इमारत तयार होत असताना होगार्थने आपल्या व्यवसायबंधूंना गोळा केले. त्या वेळी लंडनमध्ये चित्रे जनतेला पाहता येतील अशी एकही सार्वजनिक जागा नव्हती. श्रीमंत लोक इटलीतून आणलेल्या, बऱ्याचदा खोट्या, जुन्या चित्रांवर पैसा उधळत आणि देशी चित्रकाराला चेहरे रंगवण्यापलीकडे काम देत नसत. दुसरीकडे अनाथालयाच्या भिंती कोऱ्या होत्या आणि देणगीदार यावेत यासाठी काहीतरी आकर्षण हवे होते. होगार्थने या दोन गरजांची गाठ घालून दिली. १७४६ च्या अखेरीस चित्रकार व शिल्पकारांचा एक गट संस्थेचा विश्वस्त म्हणून निवडला गेला. येथे थोडे थांबले पाहिजे. संस्थेने या लोकांकडून चित्रे घेतली ती त्यांना सभेत बरोबरीची खुर्ची देऊन. सभागृहासाठी होगार्थ, हेमन, हायमोर व विल्स या चौघांनी बायबलमधील चार मोठी चित्रे दिली, आणि चारही विषय बालकांचे. होगार्थने निवडलेला प्रसंग फार मार्मिक होता. लहानगा मोझेस आपल्या दाईला सोडून राजकन्येपुढे आणला आहे. ती दाईच त्याची खरी आई, हे त्या सभेत कोणाला ठाऊक नाही. अनाथालयात मुले आधी खेड्यातील दायांकडे वाढत व पाचव्या-सहाव्या वर्षी त्यांच्यापासून तोडून परत आणली जात. भिंतीवरचे चित्र त्या खोलीतल्या सभासदांना हेच सांगत होते. शिल्पकार रिसब्राकने संगमरवरी कोरीव शिल्प दिले, विशीतल्या गेन्सबरोने एक लहानसे वर्तुळाकार चित्र दिले. लोक पाहायला येऊ लागले, दानपेटीत नाणी पडू लागली, आणि इंग्रज चित्रकार काय करू शकतात हे लंडनला प्रथमच एका छताखाली दिसले. थोड्याच दिवसांत संगीतकार हँडेलही या कार्यात आला आणि १७५० पासून संस्थेच्या प्रार्थनामंदिरात त्याच्या 'मसाया'चे प्रयोग मदतीसाठी होऊ लागले.

इतरांसाठी चित्रांतून पैसा उभा करणाऱ्या या माणसाला स्वतःची चित्रे विकणे मात्र साधले नाही. १७४५ मध्ये त्याने दलालांना वगळून, स्वतःच नियम ठरवून एक लिलाव पुकारला. ज्या मालिकेने त्याला कीर्ती दिली तिच्या मूळ चित्रांना प्रत्येकी चौदा गिनी मिळाल्या. १७५१ मध्ये विवाहसंस्थेवरील त्याची सहा चित्रांची उत्कृष्ट मालिका, चौकटींसकट, एकशेवीस गिनींना गेली. त्या वेळी दिवाणखान्यात मोजकीच माणसे होती. हीच चित्रे आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात मानाने मिरवत आहेत. होगार्थला तो अपमान फार लागला. दोष सर्वस्वी गिऱ्हाइकांचा होता असेही नाही; विक्रीच्या विक्षिप्त अटी घालून त्याने लोकांना दूर ठेवले होते.

या दोन लिलावांच्या मध्ये त्याने जे केले ते त्याच्या स्वभावाचे सार म्हणावे असे आहे. १७४५ च्या बंडाच्या वेळी फिंचलीकडे कूच करणाऱ्या बेशिस्त शिपायांचे एक गजबजलेले चित्र त्याने रंगवले होते. राजा दुसरा जॉर्ज याला ते आवडले नाही असे सांगतात. होगार्थने त्याची छापील प्रत मग सरळ प्रशियाच्या राजाला अर्पण केली! मूळ चित्र त्याने सोडतीत काढले. छापील प्रतीच्या वर्गणीवर तीन शिलिंग अधिक देऊन अर्धा गिनी भरणाऱ्याला एक संधी. अठराशेंहून अधिक संधी विकल्या गेल्या. उरलेल्या दीडशेंहून अधिक त्याने अनाथालयाला देऊन टाकल्या. ३० एप्रिल १७५० रोजी सोडत झाली आणि विजयी क्रमांक अनाथालयाचा निघाला. त्याच रात्री चित्र संस्थेकडे पोहोचते झाले. ज्या संस्थेच्या दारात आया गोळ्या काढून मुलाचे नशीब अजमावीत होत्या, तिला एकदा तरी स्वतःच्या पिशवीतून पांढरी गोळी मिळाली. होगार्थच्या हिशेबाकडेही पाहावे. प्रतींच्या वर्गणीचे पैसे त्याच्या हाती आले, चित्र विद्रूप किमतीला विकण्याचा प्रसंग टळला, आणि ते कोणा सरदाराच्या बंद महालात न जाता लोकांच्या नजरेसमोर राहिले.

या दानाने मुले वाचली काय, हा कठोर प्रश्न टाळता येणार नाही. संस्थेचा जनक कोरम याला १७४२ मध्येच कारभारातून दूर केले गेले. १७५६ मध्ये पार्लमेंटने अनुदान दिले ते येईल ते प्रत्येक मूल घेण्याच्या अटीवर. चार वर्षांत जवळजवळ पंधरा हजार मुले आली आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश दगावली. १७६० मध्ये पार्लमेंटने हात आखडता घेतला. सभागृहातील चित्रे सुंदर होती, पण दूध पाजणाऱ्या दायांची उणीव चित्रांनी भरून निघत नव्हती. मोठी कामे राज्याने नीट पेलायची असतात. चित्रकारांच्या औदार्याने ती पार पडतील ही अपेक्षाच चुकीची होती. होगार्थने मात्र आपला वाटा भिंतीपुरता ठेवला नाही. त्याला मूलबाळ नव्हते. चिझिकच्या त्याच्या घराच्या परिसरात संस्थेची मुले दायांकडे ठेवली जात, त्यांच्यावर देखरेख जेन करीत असे, आणि या दांपत्याने काही मुले स्वतःच्या घरीही सांभाळली.

अखेरची वर्षे कडवट गेली. राजकीय वादात पडून त्याने जॉन विल्क्ससारखे जुने मित्र तोडले, आणि त्यांनीही त्याला छापील शब्दांत सोलून काढले. तिकडे अनाथालयात दरवर्षी ५ नोव्हेंबरला चित्रकारांचे भोजन होत असे. १७५९ च्या भोजनात सर्वांनी मिळून स्वतःचे प्रदर्शन भरवण्याचे ठरले आणि १७६० च्या वसंतात ते भरले. इंग्लंडमधील समकालीन चित्रांचे हे पहिले मोठे सार्वजनिक प्रदर्शन. याच वाटेने १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली. अशा सरकारमान्य अकादमीला होगार्थचा जन्मभर विरोध होता. ती पाहायला तो उरला नाही. २६ ऑक्टोबर १७६४ च्या रात्री लंडनमधील घरी तो वारला. घरी वाढलेली मुले त्यानंतर संस्थेकडे परत गेली. जेन पुढे पंचवीस वर्षे जगली, पतीच्या तांब्याच्या पत्र्यांवरून प्रती छापून विकत. त्यासाठी पार्लमेंटने १७६७ मध्ये तिला वीस वर्षांचा खास हक्क दिला होता.

अनाथालय १९२६ मध्ये लंडनबाहेर गेले आणि जुनी इमारत पाडण्यात आली. सभागृहाचे छत, लाकूडकाम व चित्रे मात्र जपून उतरवून जवळच पुन्हा उभारली गेली. २००४ पासून तेथे सर्वांसाठी खुले संग्रहालय आहे. कोरम आपल्या लाल कोटात तेथे बसला आहे, फिंचलीचे शिपाई तेथे आहेत, आणि काचेच्या पेटीत आयांनी ठेवलेली बटणे व फुटकी नाणी आहेत.