अ‍ॅना जीन आयर्स

अ‍ॅना जीन आयर्स (१८ जुलै १९२० – १६ डिसेंबर १९८८) या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ व शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ होत्या. 'सेन्सरी इंटिग्रेशन' अर्थात संवेदी एकात्मतेच्या सिद्धान्ताच्या त्या प्रवर्तक मानल्या जातात.

जीवन व शिक्षण

आयर्स यांचा जन्म कॅलिफोर्नियातील व्हायसेलिया येथे अक्रोडाची शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९४५ मध्ये व्यवसायोपचाराची पदवी, १९५४ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९६१ मध्ये शैक्षणिक मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवली. त्यानंतर लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेंदू संशोधन संस्थेत त्यांनी संशोधन केले.

कार्य

बुद्धी, दृष्टी व श्रवण सामान्य असूनही काही मुले अभ्यासात मागे का पडतात, हा आयर्स यांच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न होता. स्पर्श, शरीराचा तोल आणि स्नायू-सांध्यांची जाणीव यांतून येणाऱ्या माहितीची मेंदूत योग्य जुळणी न झाल्यास मुलाच्या हालचाली, शिकणे व वर्तन यांवर परिणाम होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. अशा एखाद्या मुलाला कपड्याची शिवण टोचते किंवा साधा गोंगाट असह्य होतो. दुसरे सतत गिरक्या घेते. हट्टी वा खोडकर ठरवल्या जाणाऱ्या मुलांकडे पाहण्याची वेगळी दृष्टी यातून मिळाली. झोपाळे व चाकांच्या फळ्या यांवरील, मुलाच्या कलाने चालणाऱ्या खेळांचा त्यांनी उपचारात उपयोग केला. 'सेन्सरी इंटिग्रेशन अँड लर्निंग डिसऑर्डर्स' (१९७२) व 'सेन्सरी इंटिग्रेशन अँड द चाइल्ड' (१९७९) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. त्यांनी मूल्यमापन चाचण्याही तयार केल्या. त्यांची सुधारित मालिका त्यांच्या मृत्यूनंतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली.

वैद्यकीय मान्यतेचा प्रश्न

या अडचणींना स्वतंत्र विकार मानावे का, हा वाद आयर्स यांच्या पश्चातही सुरू राहिला. अधिकृत निदान मिळाल्यास उपचारांना विम्याचे साहाय्य मिळेल व संशोधनास चालना मिळेल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. उलट, हीच लक्षणे स्वमग्नता, अवधान-अस्थिरता वा चिंताविकारातही दिसतात. त्यामुळे मूळ विकार दुर्लक्षित राहण्याचा धोका टीकाकार दाखवतात. उपचारांच्या परिणामकारकतेचे पुरावे अपुरे असल्याचे नमूद करून अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये हे स्वतंत्र निदान सामान्यतः वापरू नये, अशी शिफारस केली. २०१३ च्या 'डीएसएम-५' या मनोविकारांच्या वर्गीकरणातही त्यास स्वतंत्र स्थान मिळाले नाही. मात्र स्वमग्नतेच्या निकषांत संवेदनांना मिळणाऱ्या अतितीव्र वा मंद प्रतिसादाचा समावेश झाला. पाच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या 'डीसी:०-५' या २०१६ च्या वर्गीकरणाने मात्र अतिसंवेदी प्रतिसादाला स्वतंत्र विकार मानले आहे. मुलांना होणारा त्रास दोन्ही पक्षांना मान्य आहे. मतभेद आहे तो त्या त्रासाला स्वतंत्र विकार म्हणावे की अन्य विकारांचे लक्षण, याविषयी.