शहरांच्या सामायिक पाण्याचा पाया घालणारे अभियंते विल्यम मुल्होलंड

अमेरिकेतील लॉस एंजेलिस या महानगराला पाणी मिळवून देणारे अभियंते म्हणून विल्यम मुल्होलंड यांचे नाव घेतले जाते. एका शहराने इतरांचा विचार न करता पाणी मिळविण्याच्या धोरणाचे ते शिल्पकार होते. या धोरणाच्या मर्यादाही त्यांच्याच कारकिर्दीत उघड झाल्या आणि अखेर अनेक शहरांनी एकत्र येऊन सामायिक जलमंडळ स्थापन केले.

मुल्होलंड यांचा जन्म ११ सप्टेंबर १८५५ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. काही वर्षे खलाशी म्हणून काम केल्यानंतर ते अमेरिकेत आले आणि १८७७ मध्ये लॉस एंजेलिसला पोहोचले. पुढील वर्षी तेथील खासगी पाणी कंपनीत त्यांना पाटकऱ्याची नोकरी मिळाली. पाटातील गाळ व झाडोरा काढणे हे त्यांचे काम होते. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. स्वतः वाचन करून त्यांनी ही विद्या संपादन केली. १८८६ मध्ये ते कंपनीचे अधीक्षक झाले. १९०२ मध्ये शहराने पाणीपुरवठा ताब्यात घेतल्यावरही सूत्रे त्यांच्याच हाती राहिली.

स्थानिक नदीचे पाणी वाढत्या लोकवस्तीला पुरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. दूरच्या ओवेन्स खोऱ्यातील जमिनी व पाण्याचे हक्क शहराने विकत घेतले आणि सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलवाहक मार्ग बांधला. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी त्यातून पाणी वाहू लागले. मात्र हे पाणी केवळ लॉस एंजेलिसचे होते. ज्या वस्त्यांना ते हवे होते, त्यांना शहरात विलीन व्हावे लागे. १९१५ मध्ये सॅन फर्नांडो खोऱ्याचा मोठा भाग याच मार्गाने शहरात आला. तिकडे ओवेन्स खोऱ्यातील शेती ओस पडू लागली. १९२४ आणि १९२७ मध्ये संतप्त रहिवाशांनी जलमार्गावर सुरुंग लावले.

तरीही पाण्याची गरज वाढतच राहिली. १९२३ मध्ये मुल्होलंड यांनी कोलोरॅडो नदीपासून पाणी आणण्यासाठी सर्वेक्षण हाती घेतले. वाळवंट व डोंगर ओलांडणाऱ्या या योजनेचा खर्च एका शहराच्या आवाक्यात नव्हता. पासाडेना, बर्बँक, ग्लेनडेल, सांता मोनिका यांसारख्या शहरांनाही पाणी हवे होते; परंतु त्यासाठी आपले स्वतंत्र अस्तित्व गमावण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यातून शहरांचे संयुक्त मंडळ स्थापन करण्याचा मार्ग पुढे आला. मुल्होलंड यांनी त्याला पाठिंबा दिला. कॅलिफोर्निया राज्याने १९२७ मध्ये त्यासाठी कायदा केला.

मंडळ अस्तित्वात येण्यापूर्वीच मोठा आघात झाला. मुल्होलंड यांनी बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास फुटले. त्याच दिवशी पाहणी करून त्यांनी ते सुरक्षित असल्याचे ठरविले होते. चारशेहून अधिक लोकांचा बळी गेला. चौकशीत मुल्होलंड यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. एवढ्या मोठ्या धरणाचे काम कोणा एकाच माणसाच्या निर्णयावर सोपवू नये, असा निष्कर्ष चौकशी पंचांनी काढला. वर्षअखेरीस ते सेवेतून निवृत्त झाले.

त्याच सुमारास, ६ डिसेंबर १९२८ रोजी, मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट या मंडळाची स्थापना झाली. लॉस एंजेलिस त्यातील सर्वांत मोठे शहर होते. मतांची संख्या मालमत्तेच्या मूल्यानुसार ठरत असली, तरी कोणत्याही एका शहराला इतर सर्वांच्या एकत्रित मतांपेक्षा अधिक मते देता येणार नाहीत, असे बंधन घालण्यात आले. १९३१ मध्ये मतदारांनी २२ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. त्यातून सुमारे ३९० किलोमीटर लांबीचा कोलोरॅडो जलमार्ग उभा राहिला. पाच उपसा केंद्रांद्वारे पाणी डोंगरांपलीकडे नेण्यात आले आणि १९४१ मध्ये शहरांना पुरवठा सुरू झाला.

हे पाहण्यास मुल्होलंड हयात नव्हते. २२ जुलै १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुचविलेल्या जलमार्गाची व्यवस्था मात्र कोणा एका अभियंत्याच्या वा एका शहराच्या हाती राहिली नाही. आज २६ सभासद संस्थांच्या या मंडळाच्या सेवाक्षेत्रात सुमारे १ कोटी ९० लाख लोक राहतात.