अभ्यासक्रमाबाहेरचा विद्यार्थी

मॅट्रिक १८८२ मध्ये, बी. ए. १८९० मध्ये. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात या दोन नोंदी दिसल्या, तर पालकांच्या कपाळावर आठ्या पडाव्यात. मधली आठ वर्षे मुलाने केले काय, हा प्रश्न कोणत्याही घरात विचारला जाईल. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. या वर्षांतील बराचसा काळ त्यांनी वाचनात घालवला. अडचण एवढीच होती, की ते जे वाचत होते त्यातले फारच थोडे परीक्षेला लागत होते.

पुढे महाराष्ट्राने ज्यांना इतिहासाचार्य म्हणून गौरविले, त्या राजवाड्यांचा जन्म १८६३ मध्ये कोकणातील वरसई येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. नातलगांच्या आधाराने बालपण गेले आणि शिक्षणासाठी पुणे गाठावे लागले. घरची स्थिती बेताची. अशा घरातील मुलाकडून त्या काळात एकच अपेक्षा असे. मॅट्रिक व्हावे, जमल्यास पदवी घ्यावी आणि सरकारी कचेरीत किंवा शाळेत नोकरी धरून घराला हातभार लावावा. इंग्रजी शिक्षण ही त्या काळी पोटाची सोय होती. ज्ञानाची हौस ही त्यानंतरची गोष्ट.

शाळेतील दिवसांबद्दल राजवाड्यांच्या मनात फारसा जिव्हाळा राहिला नाही. घोकंपट्टी, कंटाळवाणी क्रमिक पुस्तके आणि विद्यार्थ्याच्या जिज्ञासेकडे होणारे दुर्लक्ष यांचा त्यांना उबग आला होता. आपल्या शिक्षणाचा हिशेब त्यांनी पुढे ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या दीर्घ लेखात मांडला. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकात तो प्रसिद्ध झाला. आपल्याकडील शिक्षणपद्धतीवर विद्यार्थ्याच्या बाजूने झालेली इतकी परखड टीका त्या काळात क्वचितच वाचायला मिळते.

शाळेने जे दिले नाही ते शाळेबाहेर मिळत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासून पुण्यात गाजत होती आणि १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ जुन्या बखरी व कागदपत्रे छापू लागला होता. मराठीत गंभीर लिहिता येते आणि आपल्याच मागच्या पिढ्यांचे दस्तऐवज आपल्याला वाचता येतात, ही जाणीव त्या पिढीतील तरुणांना या दोन नियतकालिकांनी दिली. राजवाडे त्यांपैकी एक होते.

मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मुंबईला एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला. पण पैशाअभावी तेथे टिकाव लागला नाही. पुण्यास परतून शिकवण्या करून गुजराण करावी लागली. वडील बंधू वैजनाथ हे अभ्यासात पुढे होते. पुढे वेदविद्येचे आणि निरुक्ताचे अभ्यासक म्हणून त्यांनी नाव मिळविले. त्यांच्या आधाराने धाकट्या भावाला डेक्कन कॉलेजचे दार उघडले. म्हणजे विश्वनाथाच्या कॉलेजातील प्रत्येक वर्षाचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर होता. या पार्श्वभूमीवर पुढे जे घडले ते पाहिले पाहिजे.

ग्रंथालय हेच महाविद्यालय

येरवड्याच्या बाजूला, शहराच्या गजबजाटापासून दूर असलेली डेक्कन कॉलेजची इमारत १८६८ मध्ये वापरात आली होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे अध्यापक तेथे होते. विद्यार्थ्यांना आपल्या मर्जीने जगण्याची थोडी मोकळीकही या वातावरणात मिळे. लोकमान्य टिळकांनी याच कॉलेजातील आपले पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा शरीर कमावण्यात घालवले होते. राजवाड्यांनी व्यायामही सोडला नाही आणि पोहणेही. पण त्यांचा खरा मुक्काम ग्रंथालयात होता.

इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, नीतिशास्त्र, तर्कशास्त्र, भाषाशास्त्र, इतकेच काय वनस्पतिशास्त्रही त्यांनी हाताळले. परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकांवर मात्र त्यांचा राग होता. कोणीतरी ठरवून दिलेले चार ग्रंथ वर्षभर चघळत बसण्यापेक्षा एका विषयातून दुसऱ्या विषयात शिरत जाणे त्यांना अधिक मोलाचे वाटे. वर्गातील व्याख्याने त्यांना वेळेचा अपव्यय वाटत. परिणाम व्हायचा तोच झाला. बरोबरीचे विद्यार्थी पदव्या घेऊन नोकऱ्यांना लागले आणि राजवाड्यांची वर्षे लांबत गेली.

तरीही त्यांनी परीक्षेकडे कायमची पाठ फिरवली नाही, ही गोष्ट बहुतेकदा नजरेआड होते. १८९० मध्ये ते बी. ए. झाले. पदवीविषयी त्यांना आदर नव्हता, पण तिची किंमत ते जाणून होते. संसाराची जबाबदारी आली होती. पदवीच्या बळावर त्यांनी पुण्यात शिक्षकाची नोकरी धरली आणि सुमारे तीन वर्षे केली. आवडीचे वाचन आणि पोटाचा व्यवसाय यांचा मेळ घालण्याचा चारचौघांसारखा प्रयत्न त्यांनी केला तो याच काळात.

हा मेळ नियतीने मोडला. १८९२ मध्ये पत्नी अन्नपूर्णाबाईंचे निधन झाले. मुलेही जगली नाहीत. राजवाड्यांचे वय तेव्हा जेमतेम तिशीच्या आत होते. पुन्हा विवाह करणे त्या काळी सहज रीतीचे मानले जाई; त्यांनी तो केला नाही. नोकरीही सोडली. संसार उरला नाही तशी नोकरीची निकडही उरली नाही आणि एके काळी अभ्यासातून चोरून काढलेल्या वेळात चाललेले वाचन हेच आता जीवनाचे काम झाले.

वाचनातून संशोधनाकडे

सुरुवात त्यांनी ‘भाषांतर’ नावाच्या मासिकाने केली. जगातील उत्तम ग्रंथ मराठी वाचकाला त्याच्या भाषेत मिळावेत, हा त्यामागील हेतू. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा त्यांनी केलेला मराठी अनुवाद याच धडपडीचा भाग होता. कॉलेजात जे स्वतःच्या आनंदासाठी वाचले, ते इतरांच्या हाती देण्याचा हा प्रयत्न होता. मासिक फार काळ चालले नाही.

मग हाती लागली वाईची कागदपत्रे. पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे तेथे मिळाली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात होती. या खंडाला जोडलेली विस्तृत प्रस्तावना वाचताना डेक्कन कॉलेजातील त्या वर्षांचा उलगडा होतो. पत्रांचा अर्थ लावताना राजवाडे राज्यशास्त्राकडे वळतात, अर्थकारणाचा विचार करतात, भाषेच्या रूपांवरून काळ ठरवू पाहतात. अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून जे वाचले होते, ते सारे येथे कामी आले.

यानंतर ते गावोगाव फिरले. जुन्या वाड्यांतील माळे, मंदिरे, मठ, रद्दी म्हणून टाकलेली दफ्तरे त्यांनी धुंडाळली. गरजा कमी, स्वयंपाक स्वतःच्या हाताने आणि पाठीवर कागदांचे ओझे, असा त्यांचा खाक्या होता. साधनांचे एकूण बावीस खंड सिद्ध झाले. १९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या जुन्या प्रतीचे संपादन प्रसिद्ध केले. ७ जुलै १९१० रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. इंग्रजी उत्तम येत असूनही लेखन मराठीतच करण्याचा निश्चय त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

स्वयंशिक्षित माणसाचे दोषही त्यांच्यात होते. आपल्या निष्कर्षांवर त्यांचा विश्वास अतोनात होता. मतभेद झाला की ते तुटून पडत आणि प्रसंगी आपणच उभारलेल्या संस्थेपासून दूर होत. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी मान्य केल्या नाहीत आणि जातिविषयक मतांवर कठोर टीका झाली. परंतु पुरावा नेईल तेथे जाण्याचे धैर्यही त्याच स्वभावात होते. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या लेखनाने सनातनी मंडळी दुखावली. त्याच लेखनाचे महत्त्व पुढे कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारख्या मार्क्सवाद्याला वाटले.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाड्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेली कागदपत्रे आणि टिपणे यांच्या जतनासाठी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले.

राजवाड्यांचे उदाहरण आजच्या विद्यार्थ्यापुढे जसेच्या तसे ठेवणे धोक्याचे ठरेल. आठ वर्षे कॉलेजात काढण्याची मुभा प्रत्येकाला नसते आणि त्यांनाही ती भावाच्या आधारावर मिळाली होती. त्यांच्या स्वातंत्र्याची किंमत आधी कुटुंबाने मोजली आणि नंतर त्यांनी स्वतः, एकाकी आयुष्य जगून. पण मुलाच्या हातातील अवांतर पुस्तक काढून घेण्यापूर्वी एवढे आठवायला हरकत नाही. डेक्कन कॉलेजने राजवाड्यांची परीक्षा कोणत्या पुस्तकांवर घेतली, हे आज कोणाच्या स्मरणात नाही. त्या वर्षांत त्यांनी परीक्षेबाहेरचे जे वाचले, त्याच्या खुणा मात्र साधनांच्या बावीस खंडांत विखुरलेल्या आहेत.