मोटारींतील खरखर आणि पॉल गॅल्विन

मोटारींत रेडिओ ऐकत असतां इंजिन सुरू होतांच गाण्यांत खरखर मिसळते, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. ही खरखर घालविण्यावर ज्यांच्या साऱ्या उद्योगाचें भवितव्य एकदां अवलंबून होतें, त्या पॉल गॅल्विन यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगणार आहों.

त्यांचा जन्म २७ जून १८९५ रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत हार्वर्ड या लहानशा गांवीं झाला. (प्रसिद्ध विद्यापीठाचें हार्वर्ड तें निराळें.) लहानपणीं ते स्टेशनावर आगगाडीच्या उतारूंस मक्याच्या लाह्या विकीत. पहिल्या महायुद्धांत ते तोफखान्यांत होते. पुढें भागीदारींत त्यांनीं बॅटऱ्यांचा कारखाना काढला, तो बुडाला. पुन्हां काढला, तोही बुडाला. बॅटरीवरील रेडिओ घरच्या विजेवर चालविण्याचें एक साधन ते बनवीत असत. त्याचा धंदा लिलावांत ७५० डॉलरांस सोडवून, भाऊ जोसेफ यांच्यासह, त्यांनीं १९२८ सालीं शिकागोंत तिसरा कारखाना उघडला. जवळ रोकड ५६५ डॉलर, नोकर पांच! परंतु लवकरच मुळांतच विजेवर चालणारे रेडिओ निघाले, आणि त्यांतच १९२९ चें आर्थिक अरिष्ट कोसळलें. मग त्यांनीं मोटारीकडे दृष्टि वळविली.

मोटारींत रेडिओ बसविणें त्या मानानें सोपें. तो ऐकूं येणें कठीण. इंजिनांत मिनिटास हजारों ठिणग्या पडतात, आणि विजेची प्रत्येक ठिणगी हें एक छोटें प्रक्षेपण केंद्रच असतें. मार्कोनी यांनीं आपले पहिले बिनतारी संदेश ठिणगीनेंच पाठविले होते. दूरच्या स्टेशनाची क्षीण लहर कोणती आणि हातभर अंतरावरील ठिणगीची कोणती, हें एरियलला कसें कळावें? शिवाय डायनामोही तारांतून आपला गुणगुणाट रेडिओंत सोडतो. अशा वेळीं एरियलची तार काढून पाहावी. खरखर थांबली, तर ती एरियलवाटे येत होती. न थांबली, तर बहुधा बॅटरीच्या तारेंतून. ठिणगीच्या तारेंत रेझिस्टर व डायनामोवर कंडेन्सर बसविणें आणि तारांस धातूचें आवरण घालणें हे त्यावरील उपाय होत. गंमत अशी कीं, एक आवाज गेला म्हणजे त्याखालीं दबलेला दुसरा ऐकूं येतो, आणि पहिला उपाय फुकट गेला असें वाटून उतावळा मनुष्य तोच काढून टाकतो.

हे उपाय एकट्या गॅल्विन यांचे नव्हेत; मोटारींतील रेडिओही त्यांच्या आधीं होतेच, पण फार महाग. सहकारी विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग यांच्या साहाय्यानें १९३० सालीं गॅल्विन यांनीं आपल्या स्टुडबेकर गाडींत रेडिओ बसविला आणि रेडिओ कारखानदारांच्या संमेलनासाठीं सुमारें ८०० मैलांवरील अटलांटिक सिटी गांठली. मंडपांत दुकान मांडण्याइतका पैसा नव्हता. म्हणून गाडी दाराबाहेरच उभी करून, रेडिओ मोठ्यानें लावून, ते येणाऱ्या जाणाऱ्यांस ऐकवूं लागले. मागण्या आल्या. ११० ते १३० डॉलर किंमतीच्या त्या रेडिओस त्यांनीं 'मोटोरोला' हें नांव दिलें; १९४७ सालीं कंपनीनेंही तेंच घेतलें.

गॅल्विन ५ नोव्हेंबर १९५९ रोजीं निवर्तले. १९६९ सालीं चंद्रावरून मनुष्याचा पहिला शब्द पृथ्वीवर पोंचला, तो याच कंपनीच्या यंत्रावाटे.