विषपरीक्षक मातेओ ऑर्फिला

सोलापुरांतील आम्हां विद्यार्थ्यांच्या हातून प्रयोगशाळेंत एक चूक वारंवार घडते. परीक्षानळींत जो रंग दिसावयास पाहिजे तो दिसत नाहीं, आणि तास तर संपत आलेला असतो. मग पुस्तकांत जो रंग लिहिला आहे तोच आम्ही प्रयोगवहींत उतरून काढतों. एवढ्याशा लबाडीनें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, अशी आमची समजूत असते. ज्या पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे, त्याचें चरित्र वाचल्यावर ही समजूत टिकत नाहीं.

गुन्ह्याच्या तपासांत शास्त्राचें साहाय्य घेण्याची जी विद्या, तिला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. त्या विद्येंतील विषपरीक्षेच्या शाखेचा पाया मातेओ ऑर्फिला यानें घातला. त्याचा जन्म भूमध्य समुद्रांतील मिनोर्का बेटावर माहोन या गांवीं २४ एप्रिल १७८७ रोजीं झाला. बाप व्यापारी होता, आणि मुलानें दर्यावर्दी व्हावें अशी त्याची इच्छा होती. म्हणून वयाच्या पंधराव्या वर्षीं मातेओ एका व्यापारी गलबतावर चढला. परंतु समुद्रावर त्याचें मन रमलें नाहीं. परत आल्यावर वैद्यक शिकण्याचा त्यानें निश्चय केला, व १८०४ सालीं तो व्हॅलेन्सिया येथें शिकावयास गेला. तेथें शिकविलें जाणारें रसायनशास्त्र जुनाट होतें. तेव्हां लाव्हाझिये प्रभृति फ्रेंच शास्त्रज्ञांचे नवे ग्रंथ मिळवून त्यानें स्वतःच्या बळावर त्यांचा अभ्यास केला. पुढें बार्सिलोना येथील व्यापारी मंडळानें त्याची हुशारी पाहून त्याला शिष्यवृत्ति दिली. रसायन शिकून परत यावें व बार्सिलोनांत तें शिकवावें, असें ठरलें होतें. १८०७ सालीं तो पॅरिसला पोंचला.

दुसऱ्याच वर्षीं फ्रान्स व स्पेन यांच्यांत युद्ध पेटलें. शिष्यवृत्ति बंद पडली, आणि स्पेनचा प्रजाजन म्हणून त्याला अटकही झाली. त्याचे गुरु व्होकलां यांनीं रदबदली करून त्याला सोडविलें. एका नातलगाच्या मदतीवर दिवस काढून १८११ सालीं तो वैद्यकाचा पदवीधर झाला, व खाजगी रीतीनें रसायन शिकवूं लागला.

१८१३ सालीं एके दिवशीं तो सोमलाविषयीं व्याख्यान देत होता. सोमलाच्या पाण्यांत चुन्याची निवळी घातली म्हणजे पांढरा सांका बसतो, असें ग्रंथांत लिहिलेलें होतें. सोमल कॉफींत मिसळला असला तरी सांका पांढराच पडेल, असें त्यानें श्रोत्यांना सांगितलें आणि त्यांच्यादेखत प्रयोग केला. सांका पडला तो मळकट रंगाचा! दुसरा कोणी असता तर कांहीं सबब सांगून त्यानें वेळ मारून नेली असती. ऑर्फिलानें तसें केलें नाहीं. मद्य, चहा, रस्सा, पित्त, रक्त अशा पदार्थांत निरनिराळीं विषें मिसळून ग्रंथांतील एकेक परीक्षा तो पडताळून पाहूं लागला. बहुतेक परीक्षा फसल्या. शुद्ध पाण्यांत खऱ्या ठरणाऱ्या या खुणा मृताच्या पोटांतील अन्नांत ओळखूं येत नव्हत्या; आणि त्यांच्याच भरंवशावर न्यायालयें माणसांच्या जिवाचा निवाडा करीत होतीं! या शोधांतूनच त्याचा विषांवरील मोठा ग्रंथ १८१४ पासून प्रसिद्ध होऊं लागला. त्या वेळीं त्याचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. या प्रयोगांत पुष्कळ कुत्र्यांचे प्राण गेले, हें वाचून मात्र आम्हांला वाईट वाटलें. १८१९ सालीं तो पॅरिसच्या वैद्यक विद्यालयांत न्यायवैद्यकाचा प्राध्यापक झाला, व १८३१ सालीं त्या विद्यालयाचा प्रमुख झाला.

१८३६ सालीं इंग्लंडांत मार्श यानें सोमल शोधण्याची अत्यंत सूक्ष्म रीत प्रसिद्ध केली. संशयित पदार्थांत जस्त व आम्ल घालावयाचें. सोमल असल्यास त्याचा वायु बनतो, व तो वायु तापविला म्हणजे कांचेवर काळा चकचकीत डाग पडतो. परंतु जस्तांत किंवा आम्लांत मुळांतच सोमल असला तर? निरपराध मनुष्यही त्यायोगें दोषी ठरावयाचा! १८४० सालीं फ्रान्सांत मारी लाफार्ज या तरुण स्त्रीवर पतीला सोमल घातल्याचा खटला चालला, तेव्हां तपासणाऱ्यांत एकमत होईना. अखेर ऑर्फिलाला पाचारण झालें. त्याला प्रेतांत सोमल सांपडला. पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. हा सोमल आपल्या रसायनांतून आलेला नाहीं, व थडग्याभोंवतालच्या मातींतूनही आलेला नाहीं, हें त्यानें वेगळें दाखवून दिलें. मारीला जन्मठेपेची शिक्षा झाली. त्या निकालाविषयीं पुढें पुष्कळ वाद माजला. निरोगी माणसाच्या हाडांतही सोमल असतो, असें ऑर्फिलानें स्वतःच पूर्वीं जाहीर केलें होतें. फेरतपासणींत तें टिकलें नाहीं, तेव्हां एवढ्या मोठ्या पदावर असूनही त्यानें आपलें मत मागें घेतलें. १८५३ सालीं पॅरिस येथें तो मरण पावला.

पुढें वीस-बावीस वर्षांनीं आपल्या मराठी राज्यांतच अशा परीक्षेचा प्रसंग आला. ९ नोव्हेंबर १८७४ रोजीं बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतांत विष असल्याचा संशय आला. पेल्यांतील गाळ मुंबईस सरकारी रासायनिक परीक्षकाकडे गेला, आणि त्यांत सोमल निघाला. पण तो कोणाच्या हुकुमानें घातला गेला? मल्हारराव गायकवाडांच्या चौकशींत तिघा इंग्रज सभासदांनीं त्यांना दोषी मानिलें, तर तिघा हिंदी सभासदांनीं तसें मानिलें नाहीं. पेल्यांत काय आहे एवढेंच रसायनशास्त्र सांगूं शकतें. तें घालविणारा कोण, हें नळी सांगत नाहीं. आपल्या शास्त्राची ही सीमा ओळखणें हाही परीक्षकाच्या शिक्षणाचा भाग होय.

मुंबईच्या त्या जुन्या कचेरींतूनच पुढें राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा वाढली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें सात वर्षें व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञानें घटनास्थळीं जाऊन पुरावा गोळा करावा असें ठरविलें आहे, व त्याची व्यवस्था करण्यास राज्यांना पांच वर्षांची मुदत दिली आहे. तेव्हां अशा तज्ज्ञांची गरज वाढणार हें उघड आहे. ज्या विद्यार्थिबंधूंना व भगिनींना या मार्गानें जावयाचें असेल, त्यांनीं शास्त्र शाखेंत रसायन, पदार्थविज्ञान व जीवशास्त्र यांचा पाया पक्का करावा. त्यापुढचें शिक्षण मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेंत मिळतें.

परंतु त्याच्याही आधींची तयारी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंतच व्हावयाची आहे. नळींत सांका मळकट पडला तर वहींत मळकट असेंच लिहावें. एक गुण गेला तरी हरकत नाहीं. आज आम्हीं चुकीचा रंग लिहिला तर फार तर शिक्षक रागावतील. पण तीच संवय जडलेला हात उद्यां न्यायालयासाठीं अहवाल लिहूं लागला, तर त्या रंगावर एखाद्याचा जीव अवलंबून असेल.